दादाच्या अंगणाची लेव्हल

आमच्या सॉफ्टवेअरला एक वाक्य येत नाही: ‘मला माहीत नाही.’ बाकी सगळं येतं. पडद्यावरच्या नकाशावर कुठंही टिचकी मारा, ते तिथल्या जमिनीची उंची सांगतं, आणि तीही तीन दशांशांपर्यंत. त्या जागी कुणी कधी उभं राहिलंय का, काठी टेकवलीय का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माझी नोकरी या टिचक्या मारण्याची. सर्व्हेअर जमिनीवरून मोजलेले ठिपके आणतो, सॉफ्टवेअर ते ठिपके त्रिकोणांनी जोडून जमिनीचा एक पातळ पापुद्रा तयार करतं, त्याला आम्ही सर्फेस म्हणतो, आणि त्या सर्फेसवर मी लेबलं लावते. इथली लेव्हल एवढी, इथला उतार या बाजूला. लोकांना वाटतं मी इंजिनियर आहे. नाही. मी जमिनीला चिठ्ठ्या चिकटवणारी बाई आहे, आणि केस पांढरे होईपर्यंत मी हेच केलंय.

हे पुराण लावायचं कारण माझा भाऊ. किंवा खरं सांगायचं तर माझी वहिनी.

त्या वर्षी आमच्या ऑफिसात एका जुन्या वस्तीच्या ड्रेनेज लाइनचं काम आलं. गल्लीगल्लीतून पाइप टाकायचा, प्रत्येक घराचं सांडपाणी त्याला जोडायचं, आणि ते सगळं नुसत्या उतारानं वाहून गेलं पाहिजे, मधे कुठं पंप नाही. म्हणजे पाइप किती खोल टाकायचा हे घरांच्या अंगणांवर अवलंबून. अंगण पाइपच्या वर असलं तर पाणी जाणार, खाली असलं तर नाही. यात काही विद्वत्ता नाही, पाणी खाली वाहतं एवढंच समजायला हवं. एका सकाळी मी फाइल उघडली आणि पडद्यावर जी गल्ली आली ती मी जन्माला आले ती गल्ली होती.

वळण ओळखीचं, वळणावरचं शिंप्याचं दुकान ओळखीचं. त्यापुढचं घर आमचं. आमचं म्हणजे दादाचं. घराच्या पुढच्या दारापर्यंत सर्व्हेअरचे ठिपके दाट होते, मागच्या शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून होते, आणि मधल्या भागात एकही नव्हता. सॉफ्टवेअरनं काय केलं, तर गल्लीतले ठिपके थेट मागच्या भिंतीतल्या ठिपक्यांना जोडून टाकले. लांबच लांब, काटकुळे त्रिकोण. खाटेवर चादर ताणून घातली की खाटेतला खड्डा दिसत नाही, तसं आमचं अख्खं मागचं अंगण त्या त्रिकोणांखाली गडप झालं होतं. मी अंगणाच्या मधोमध टिचकी मारली. लेबल आलं. गल्लीपेक्षा जेमतेम चार बोटं खाली.

मला आधी हसू आलं, मग राग आला. घर बांधताना वडिलांनी भिंतींची माती मागच्या अंगणातूनच उपसली होती. आमचं घर उभं राहिलं ते अंगण खाली गेल्यामुळं. मागच्या दारातून उतरायला दगडी पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहिले की माझं डोकं उंबऱ्याच्या बरोबरीला येतं. अंगणात न्हाणीघर, धुण्याचा दगड आणि पाणी जिरवायचा एक जुना खड्डा. हा खड्डा आई असतानाच कुरकुरायला लागला होता, आता तर तो पार भरून गेला होता. त्यात काही जिरत नव्हतं. आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं सगळं पाणी वहिनी बादल्यांत भरायची, पायऱ्या चढून स्वयंपाकघरातून, बाहेरच्या खोलीतून नेऊन गल्लीतल्या गटारात ओतायची. हे मला तिनंच फोनवर सांगितलं होतं. दादा फिरायला गेला की ती मला फोन करते.

‘वन्सं, लाइन येणारे म्हणतात,’ ती म्हणाली होती. ‘गुडघे तेवढे तोवर टिकू देत.’

मी सर्व्हेअरला गाठलं. तो टेबलावर पाय टाकून सफरचंद खात होता.

‘या घराचं मागचं अंगण का नाही घेतलं?’

‘तिथं? तिथं कोण जाणार? म्हातारा काठी घेऊन दारात उभा. म्हणाला, तुम्हाला कुणी पाठवलंय ते मला ठाऊक आहे. आम्हाला कुणी पाठवलंय? साहेबांनी पाठवलंय! तर म्हणे, साहेब नाही, बाई.’ तो हसला. ‘कोण बाई हो?’

‘मी,’ मी म्हणाले.

त्यानं पाय खाली घेतले.

वरून ड्रोन फिरवला होता, पण ड्रोनला पत्रे दिसले. दादानं अख्ख्या अंगणावर पत्रे टाकलेत, माझा भाऊ आभाळालाही आत येऊ देत नाही.

आमचा इंजिनियर वयानं माझ्या मुलाएवढा आहे. त्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो चहात साखरसुद्धा मोजून घेतो. त्याला मी त्रिकोण दाखवले, पायऱ्यांचं सांगितलं. मुलगा वाईट नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं.

‘मॅडम, तुमचं खरं असणार,’ तो म्हणाला. ‘पण मी तपासणीत काय लिहू? लेव्हलचा आधार काय? बहिणीला आठवतंय?’ मग जरा विचार करून म्हणाला, ‘पाइप खाली घ्यायला जागा आहे. खालच्या चौकात मुख्य लाइन बरीच खोल आहे. तुम्ही फक्त मोजणी मिळवून द्या, मी खोली वाढवतो.’

म्हणजे आता मला दादाकडं जाणं भाग होतं. आई गेली त्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आईचे दिवस झाले न झाले तोच दादानं एक कागद पुढं केला होता, घरावर माझा काही हक्क नाही अशा अर्थाचा. मी म्हणाले, वाचून सही करते. बस, एवढंच बोलले. सगळा जन्म दुसऱ्यांच्या नकाशांवरच्या चुका शोधण्यात गेला, न वाचता सही करायची सवयच नाही. दादाच्या कपाळाची शीर उडाली. ‘सख्ख्या भावाच्या कागदात वाचायचं काय असतं?’ त्यानं कागद ओढून घेतला, घडी करून खिशात घातला, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मला घर नको होतं. मला कागद वाचायचा होता. पण हे त्याला कोण सांगणार, आणि सांगून तरी काय, पालथ्या घड्यावर पाणी.

दार वहिनीनं उघडलं. ‘वन्सं!’ म्हणाली आणि चटकन मागं वळून दादाकडं बघितलं. दादा बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीत बसला होता. तो आयुष्यभर एका गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचा. आता गोदाम नाही, पण बसण्याची तऱ्हा तीच, दाराकडं तोंड करून.

‘कशाला आलीस?’

‘गल्लीत ड्रेनेज लाइन येतेय, दादा. मागचं अंगण मोजायला हवं.’

‘मागचंच का?’

‘पुढचं मोजून झालंय.’

‘मला विचारून?’

‘गल्ली सरकारची आहे, दादा.’

‘आणि अंगण माझं आहे.’ त्यानं ‘माझं’ असं म्हटलं की समोरच्यानं मान खाली घालावी. ‘माणसं जमीन मोजतात कशाला? वाटणी करायला मोजतात. त्या दिवशी सही दिली नाहीस तेव्हाच मी ओळखलं. आता ऑफिसची माणसं घेऊन आलीस. पाणी कुठं मुरतंय ते मला चांगलं कळतं.’

पाणी कुठंच मुरत नव्हतं, हीच तर त्या घराची रड होती. तेवढ्यात आतून बादलीच्या कडीचा आवाज आला. वहिनी पायऱ्या चढून येत होती. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबायचं. तिच्या तोंडातून दर पायरीला बारीक आवाज येत होता, तिला स्वतःला तो ऐकू येत नसावा. साबणाचं करडं पाणी काठापर्यंत भरलेलं. ती खोलीतून जाताना थेंब सांडू नये म्हणून जपत होती. खुर्चीजवळून ती गेली तेव्हा दादानं दोन्ही पाय वर उचलून घेतले, आणि ती गेल्यावर खाली ठेवले. बोलणं मात्र थांबवलं नाही.

‘दादा,’ मी म्हणाले, ‘हे तरी बघ. तिच्यासाठी मोजू दे. मला हिस्सा नको, तुझी शपथ.’

‘माझी शपथ घालू नकोस. मला जगायचंय.’

दारापर्यंत सोडायला वहिनी आली. मी हळूच म्हटलं, तो फिरायला जातो तेव्हा सर्व्हेअरला पाठवते, अर्ध्या तासाचं काम आहे. तिनं रिकामी बादली खाली ठेवली, हात पुसले. ‘त्यांना कळेल हो,’ ती म्हणाली. ‘ओल्या मातीत बुटांचे ठसे उमटतात. मग मलाच राहायचंय त्यांच्याबरोबर.’ मी घरी आले.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. नकाशाच्या त्या भागावर झाकण टाकलं. सर्फेसचा एखादा तुकडा लपवायची सोय असते, आम्ही त्याला झाकणच म्हणतो. त्रिकोण नाहीसे झाले, तिथं तिरक्या रेघा मारल्या आणि लेबल लावलं: ‘मोजणी झालेली नाही.’ दशांशला दाखवलं. तो खूश झाला. त्यामागं एक चांगला नियम होता. जिथं लेव्हल दिलेली नसेल तिथं ठेकेदारानं पाइपची खोली ठरवण्याआधी स्वतः आत जाऊन मोजलंच पाहिजे, नाहीतर त्याचं बिल निघत नाही. ठेकेदार म्हणजे सर्व्हेअर नव्हे, दारात मशीन धडधडत असताना तो काठीवाल्या म्हाताऱ्याला भीक घालत नाही. आणि तोवर मशीन गल्लीत आलेलं असणार, शिंपी जोडला जाणार, सगळे जोडले जाणार हे दिसत असणार, मग वहिनीसुद्धा दार उघडेल. मला वाटलं, सुटले. फार दिवसांनी मी त्या रात्री शांत झोपले.

नकाशे लोकांना बघण्यासाठी वस्तीच्या कार्यालयातल्या फलकावर लावतात. सहसा कुणी बघत नाही. दादानं बघितले.

तो आमच्या ऑफिसात आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकती संपली होती. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. माझ्या टेबलाकडं ढुंकूनही न पाहता तो सरळ मोठ्या साहेबांच्या केबिनसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागला.

‘गल्लीतल्या प्रत्येक घराला आकडा आहे. शिंप्याला आहे. समोरच्या भाडेकरूला आहे. एक माझ्याच घरावर तिरक्या रेघा! माझं घर खोडून टाकलंय तुम्ही!’

मोठे साहेब निवृत्तीला टेकलेले. आवाज चढला की त्यांचं पोट बिघडतं. त्यांनी दादाला आत बसवलं, पाणी दिलं, दशांशला आणि मला बोलावलं.

‘ही माझी बहीण,’ दादानं माझ्याकडं काठी केली. ‘घराच्या वाटणीवरून हिनं डूख धरलाय. माझं घर नकाशातून काढलं की मला लाइन मिळणार नाही, मग मी शरण जाईन, असा हिचा डाव आहे. मी वर तक्रार करणार आहे. नावानिशी.’

दशांश समजावू लागला, की रेघांचा अर्थ घर काढलं असा नाही. पण दादाला तरुण माणसानं समजावलेलं खपत नाही. शेवटी मीच बोलले.

‘दादा, ती रिकामी जागा तुझ्याच भल्याची आहे. आकडा नसला की ठेकेदाराला आधी तुझ्या अंगणात उतरून मोजावं लागतं. मग तो पाइप खोल टाकेल. वहिनीची बादली सुटेल.’

‘म्हणजे परत मोजणीच!’ तो साहेबांकडं वळला. ‘ऐकलंत? फिरून फिरून भोपळे चौकात.’

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. ‘आपल्याकडं आकडा आहे का नाही?’ त्यांनी दशांशला विचारलं.

‘आहे म्हणजे, सर, झाकणाखाली सर्फेस आहे. पण तिथं ठिपके नाहीत. तो अंदाज आहे, आणि मॅडम म्हणतात की चुकीचा आहे.’

‘मॅडम त्यांच्या नातेवाईक आहेत. तेच तर त्यांचं म्हणणं आहे.’ साहेबांनी पाण्याचा ग्लास सरळ केला. ‘असं करा. ही लेव्हल मला मान्य आहे असं त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि द्या आकडा. तक्रार नको.’

दशांश कागद तयार करायला उठला. त्याला मी दोष देत नाही. नवी नोकरी, आणि घरात आजारी आई. मला दोष द्यायचाच असेल तर मी तो कुणाला देते हे आता सांगायला नको.

दोन ओळींचा मजकूर छापून दादासमोर ठेवला गेला. सदर अंगणाची नकाशातील लेव्हल मला मान्य असून त्याबाबत पुढे माझी हरकत राहणार नाही.

‘वाच आधी,’ मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. ‘वाचायचं काय त्यात?’ म्हणाला आणि सही ठोकली. लांबलचक, खाली दोन ठिपके देऊन.

मग तो माझ्या टेबलामागं येऊन उभा राहिला. आई गेल्यानंतर इतक्या जवळ तो पहिल्यांदाच उभा होता, त्याच्या शर्टाला आमच्या घरच्या लोखंडी कपाटाचा वास येत होता. मी झाकण काढलं. काटकुळे त्रिकोण परत आले. मी शेवटचं सांगून पाहिलं, ‘दादा, हा आकडा खोटा आहे. इथं कुणी मोजलेलं नाही.’

‘कॉम्प्युटरनं मोजलंय ना?’

‘कॉम्प्युटरला पाय नसतात.’

‘तुझं मन मोठं नाही एवढंच सांग. टाक आकडा.’

टिचकी मारायला कितीसा वेळ लागतो? आकडा आला. दादा खाली वाकला, चष्मा कपाळावर चढवून त्यानं तो पाठ करावा तसा वाचला. मग शिंप्याच्या घरावर बोट ठेवून विचारलं, ‘याच्यापेक्षा आपलं वर आहे की खाली?’

‘कागदावर वर आहे.’

तो हसला. खरंच सांगते, माझ्या भावाला हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचं हसू अगदी वडिलांसारखं आहे. त्यानं त्या पानाची छापील प्रत मागून घेतली, गुंडाळी करून काखेत मारली आणि जाताना म्हणाला, ‘होता ना आकडा? मग इतके दिवस दडवून का ठेवला होतास?’

पाइप पडला. आकड्याप्रमाणं पडला, अगदी काटेकोर, ठेकेदार भला माणूस होता. लेव्हल दिलेली असल्यामुळं दादाच्या अंगणात उतरायची त्याला गरज पडली नाही. मी दशांशला दोनदा म्हणाले, खोदताहेत तोवर कुणीतरी जाऊन बघा. तो दोन्ही वेळा हो म्हणाला आणि दोन्ही वेळा मोठ्या साहेबांनी त्याला दुसऱ्या कामाला लावलं. गल्ली भरली, वर डांबर आलं. मग घरं जोडायला प्लंबर आला. पुढं काय झालं ते मला वहिनीनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही.

प्लंबर मागच्या दारात आला आणि पायऱ्यांच्या वरच थांबला. खाली बघितलं, परत गल्लीत जाऊन उघड्या चेंबरमध्ये टेप सोडला, परत आला.

‘हे नाही व्हायचं, काका. पाणी चढत नसतं.’

दादानं गुंडाळी उलगडली. ‘हे बघ. नकाशात अंगण वर आहे. सहीशिक्क्यानिशी.’

‘मग नकाशात आंघोळ करा,’ प्लंबर म्हणाला आणि शिंप्याकडं गेला.

दादानं मग तक्रारी केल्या. एक सोडून चार ठिकाणी. प्रत्येक ठिकाणाहून त्याला त्याच्याच सहीच्या कागदाची प्रत आली. कुणीतरी सांगितलं, अंगणात टाकी बांधून पंप बसवा. तर म्हणाला, ‘सरकारच्या चुकीसाठी मी पंप लावू?’ वहिनी म्हणाली, भर घालून अंगणच वर आणू या. तर म्हणाला, ‘वडिलांनी केलेलं अंगण आहे.’ आणि एकदा, जेवताना, घास हातात धरून म्हणाला म्हणे, ‘कागद बरोबर आहे. चूक अंगणाची आहे.’ नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण कागद चुकलेला असताना अंगणालाच दोष देणारा माणूस मी माझ्या भावातच पाहिला.

शेवटी वहिनीनंच एका सकाळी, दादा घरात असताना, मला फोन केला. आवाज नेहमीसारखा दबका नव्हता.

‘वन्सं, पाठवा तुमच्या माणसाला. काय व्हायचं ते होऊ दे.’

सर्व्हेअर गेला. दादा खुर्चीत बसून होता, त्यानं काठी उचलली नाही. वहिनीनं खाली दगडाजवळ मोजायची पट्टी धरली, सर्व्हेअर सांगत होता की बाईंचा हात जराही हलला नाही. त्यानं ठिपके आणून दिले आणि मी ते फाइलमध्ये टाकले. लेबलं जिवंत असतात, खालची जमीन बदलली की आकडे आपोआप बदलतात. एका क्षणात त्रिकोण मोडले, बारीक झाले, अंगण खाली गेलं, पायऱ्या दिसायला लागल्या, खड्डासुद्धा दिसला. माझ्या आठवणीतलं अंगण आणि पडद्यावरचं यांत बोटभराचाही फरक नव्हता. दशांश माझ्या मागं उभा राहून बघत होता. त्यानं रीतसर पत्र लिहिलं, दुरुस्त नकाशा जोडला, वर पाठवला. उत्तर आलं की लाइन पूर्ण झाली असून एका घरासाठी ती उकरता येणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, तसला प्रकार.

हे सांगायला मी स्वतः गेले. फोनवर सांगवेना.

दार उघडंच होतं. दादा खुर्चीत. भिंतीवर तो जुना नकाशा चार खिळे ठोकून लावलेला, आमच्या घरावरच्या आकड्याखाली लाल रेघ. मला बघून त्यानं तोंड फिरवलं नाही, एवढाच काय तो फरक.

‘दुरुस्त केलास म्हणे,’ तो म्हणाला.

‘आकडा दुरुस्त केला.’

‘मग?’

‘मग काही नाही. पाइप गाडलेला आहे. तो तिथंच राहणार.’

त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. आता काहीतरी बोलेल असं मला वाटलं. चुकलो म्हणावं, एवढी अपेक्षा मी माझ्या भावाकडून करतही नाही. नुसतं ‘बस’ म्हणाला असता तरी चाललं असतं.

आतून बादलीच्या कडीचा आवाज आला. मी मागच्या दारात गेले. वहिनी पायऱ्यांच्या मधे उभी होती, एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात बादली. खाली दगडाजवळ आणखी एक भरलेली होती. मला बघून ती म्हणाली, ‘आता तरी बरोबर आला ना आकडा?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘आता बरोबर आला.’

‘चला,’ ती म्हणाली, ‘एक तरी गोष्ट झाली,’ आणि पुढची पायरी चढली.

मी तिच्या बाजूनं खाली उतरले. शेवटच्या पायरीवर माझं डोकं उंबऱ्याच्या बरोबरीला आलं. दुसरी बादली उचलली. पाणी एवढं जड असतं हे इतकी वर्षं त्याचे उतार काढूनही मला माहीत नव्हतं. चढता चढता थोडं माझ्या पायांवर सांडलं. स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत आले तसा दादा म्हणाला, ‘ठेव ती. तू कशाला उचलतेस?’

‘माझा हिस्सा आहे, दादा,’ मी म्हणाले.

मी बादली घेऊन त्याच्या खुर्चीजवळ आले, तेव्हा त्यानं सवयीनं दोन्ही पाय वर उचलून घेतले.